"माझ्याजवळ लिहिण्यासारखं काहीच नाही": रेझ्युमे भरायच्या आधी स्वतःचं काम कसं मोजायचं

एका मुलीनं मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१८ ला नागपूर विद्यापीठातून बीकॉम, मग जून २०१९ ते जून २०२१ नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात काम, मग सासूबाई आजारी पडल्या तेव्हापासून घरीच. आता मिहानमध्ये एका लॉजिस्टिक कंपनीत ऑपरेशन्स असिस्टंटची जागा निघाली, रेझ्युमे करायला बसली आणि 'स्ट्रेंथ्स'च्या खाली हार्डवर्किंग, ऑनेस्ट, टीम प्लेयर एवढं लिहून गाडी अडली. "ऑफिसात तर मी बिल्ट्याच (ट्रकमधल्या मालाच्या पावत्या) बनवायची दिवसाच्या १५-२०, बाकी किरकोळ, ड्रायव्हरकडून पीओडीचे (माल पोचल्याच्या सहीच्या कागदाचे) फोटो मागवणं वगैरे. लिहिण्यासारखं काही नाहीच, काय लिहू?"

तुला तू म्हणून राहिली तर राग मानू नको, माझ्या पोरीच्या वयाची आहे तू. मी २२ वर्षं हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीत एचआरमध्ये होती, भरतीचंच काम जास्त, आणि आता काही वर्षांपासून धरमपेठेत घरीच पोरापोरींना रेझ्युमे करून द्यायला मदत करते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हे पाहिलंय. तुझा प्रश्न मी तीनदा वाचला, आणि तुझ्या सगळ्यात मजबूत कामाला तू 'किरकोळ' म्हटलंय हे पाहून खरंच वाईट वाटलं. ते पीओडीचे फोटो. त्याच्यावर येते मी खाली.

आधी हार्डवर्किंगचं सांगते. एखाद्या जागेसाठी शंभर-दीडशे कागद यायचे आमच्याजवळ, आणि त्यातल्या बहुतेकांवर हाच शब्द असायचा. मी तो वाचायची पण माझ्या डोळ्यासमोर काहीच यायचं नाही, ना माणूस, ना टेबल, ना काम. याच्या उलट कोणी लिहिलं की "दोन ट्रकचा माल एकटीनं मोजून उतरवून घेतला", तर मेहनती हा शब्द न लिहिताही मला समजायचं. म्हणून विशेषण सध्या बाजूला ठेव, क्रियापद पकड. काय केलं, किती केलं, कोणासाठी केलं, आणि तू नसती तर काय झालं असतं.

आता हे आपल्याला दिसत काऊन नाही? एक तर जे आपल्याला सहज जमतं ते आपल्याला काम वाटतच नाही. ज्या बाईच्या हाताला चव आहे तिला विचारशील तर ती म्हणेल "काही नाही गं, साधंच केलं". दुसरं, आपल्या तोंडानं आपली तारीफ करू नये हे लहानपणापासून कानावर पडलंय, आणि ते चांगलंच आहे, पण रेझ्युमेत तारीफ करायचीच नसते, झालेलं काम सांगायचं असतं. आणि तिसरी गोष्ट मी इंटरव्ह्यूत शेकडो वेळा पाहिली, ती म्हणजे आपलं 'आम्ही'. आपल्या इकडे माणूस एकटा असला तरी "आम्ही केलं", "आम्ही पाहत होतो" म्हणतो, नम्रपणा म्हणून. समोरचा विचारतो, त्यातलं तुम्ही काय केलं? तिथं माणूस गडबडतो, कारण त्यानं स्वतःच कधी वेगळं करून पाहिलेलं नसतं. म्हणून घरी बसून पहिलं काम हेच, 'आम्ही'मधून 'मी' वेगळा काढ. ऑफिसानं काय केलं ते सोड, तुझ्या हातातून काय गेलं ते लिही.

कसं करायचं? एक वही घे, आणि हो, मराठीत लिही, इंग्रजी नंतर. इंग्रजीत लिहायला बसलं की हात आपोआप दुसऱ्याच्या रेझ्युमेतली वाक्यं लिहायला लागतो. मराठीत लिहिशील तर खरं काम बाहेर येईल. आणि 'माझ्या जबाबदाऱ्या' असं हेडिंग टाकू नको, एक दिवस घे. साधा कोणताही एक दिवस, सकाळी ऑफिस उघडल्यापासून. कोण आलं, पहिला फोन कोणाचा, कोणती गाडी लागली, बिल्टी बनवायच्या आधी पार्टीचं, म्हणजे माल पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाचं, इन्व्हॉइस कोण तपासायचं, जीएसटी नंबर चुकला तर कोणाला समजायचं, ई-वे बिलचा (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) पार्ट बी, म्हणजे गाडी नंबरचा भाग, कोण भरायचं, अ‍ॅडव्हान्स कोणाच्या हातून जायचा, संध्याकाळी सेठला हिशेब कोण द्यायचं. एक दिवस नीट आठवला ना तर दोन पानं भरतात, मी कितीतरी जणांना समोर बसवून हे करून घेतलंय, सुरुवातीला म्हणतात "काहीच नाही मॅडम" आणि अर्ध्या तासानं वही पुरत नाही.

मग वाईट दिवस आठव. हे जास्त महत्त्वाचं आहे. सगळं सुरळीत चालू असतं तेव्हा कोणाचं बळ कुठं आहे ते दिसत नाही, बिघडतं तेव्हा दिसतं. समज हैदराबादला निघालेली गाडी पांढरकवड्याजवळ रात्री बंद पडली. नागपूर-हैदराबाद साधारण ५०० किलोमीटर, २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं ई-वे बिल तीन दिवसांचं. आता दुसरी गाडी पाठवायची तर पार्ट बीत नवीन गाडीचा नंबर टाकावा लागतो, आणि मुदत संपत आली असेल तर ती वाढवायला संपायच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच वेळ मिळतो, तो गेला तर गाडी रस्त्यात अडकून दंड बसू शकतो. तुझ्याही ऑफिसात असं कधीतरी झालंच असेल. त्या रात्री फोन कोणी उचलला, ड्रायव्हरला काय सांगितलं, पार्टीला कोणी समजावलं? तू असशील तर ते लिही. तू नसशील तर नको लिहू, पण आठवून पाहा.

आणि एक. जानेवारी २०२१ मध्ये ई-वे बिलाच्या मुदतीचं १०० किलोमीटरला एक दिवस होतं त्याचं २०० झालं, तेव्हा तू तिथंच होती. नियम बदलल्यावर ऑफिसात कोणाला आधी समजलं, बाकीच्यांना कोणी सांगितलं? अशा छोट्या गोष्टीतून समजतं की हा माणूस नुसतं टायपिंग करून राहिला होता की कामावर लक्ष ठेवून होता.

आता मोजणी. तू म्हणते दिवसाला १५ ते २० बिल्ट्या. नेहमी खालचा आकडा धरायचा, १५. महिन्याचे कामाचे दिवस २५, म्हणजे ३७५. दोन वर्षं म्हणजे २४ महिने, पण त्यात २०२० चा लॉकडाऊन आहे, मार्चअखेर ते मेपर्यंतचे दोन महिने काढून टाक, राहिले २२. ३७५ गुणिले २२, ८,२५०. तू लिही "८,००० च्या वर बिल्ट्या". बघ, 'बिल्टीच बनवायची' आणि 'दोन वर्षांत ८,००० च्या वर बिल्ट्या बनवल्या' हे एकच काम आहे, पण दुसरं वाक्य वाचणाऱ्याला समजतं की या मुलीनं वेग आणि अचूकपणा दोन्ही सांभाळलं असेल. आता पुढचा प्रश्न तूच स्वतःला विचार, त्यातल्या चुकून परत किती आल्या? महिन्याला एखादी येत असेल तर ते सांगायला हरकत नाही, माहीत नसेल तर आकडा बनवू नको. बनवलेला आकडा इंटरव्ह्यूत दुसऱ्याच प्रश्नाला फुटतो.

आता ते फोटो. माल पोचला, समोरच्यानं सही-शिक्का केलेला कागद म्हणजे पीओडी, तो परत आल्याशिवाय बहुतेक पार्ट्या बॅलन्स भाडं सोडत नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. जुन्या पद्धतीत तो कागद ड्रायव्हरच्या खिशात, गाडी परत येईल तेव्हा येणार, कधी भिजलेला, कधी हरवलेला. बिल तोपर्यंत अडकून. तू ड्रायव्हरला सांगितलं की माल उतरल्याबरोबर कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. हे कोणी सांगितलं होतं तुला करायला? सेठनं सांगितलं असेल तर तसं लिही की पद्धत लावून दिली आणि चालवली. पण तुझ्या लिहिण्यावरून वाटतं की तुझ्याच डोक्यातून निघालं, आणि तसं असेल तर बाई, हीच तुझी स्ट्रेंथ आहे. पैसे कुठं अडतात ते तुला दिसलं, उपाय स्वस्तातला काढला, आणि जे ड्रायव्हर कोणाचं ऐकत नाहीत त्यांच्याकडून रोज करून घेतलं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात कठीण. मी प्लांटमध्ये इंजिनियर पाहिलेत जे पद्धत कागदावर सुंदर काढतात आणि हमालापर्यंत पोचवू शकत नाहीत.

याचंही मोजून पाहा. आधी कागद किती दिवसांनी यायचा, नंतर बिल किती दिवसांनी जायला लागलं. नक्की आठवत नसेल तर सेठच्या मुनीमाला फोन करून विचार, त्याला बिलाच्या तारखा पाठ असतात.

फोन करशीलच तर अजून एक विचार. १९५५ मध्ये जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या दोन मानसशास्त्रज्ञांनी जोहारी विंडो नावाची एक चौकट काढली, दोघांच्या नावातूनच ते नाव आलंय. त्यातला एक खण असा आहे की जे आपल्याबद्दल दुसऱ्यांना दिसतं पण आपल्याला दिसत नाही. तो खण उघडायचा तर विचारावं लागतं, पण "माझ्यात काय चांगलं आहे" असं विचारू नको, लोक "तू खूप चांगली आहे" म्हणून मोकळे होतात. असं विचार: "मी काम सोडल्यावर ऑफिसात काय अडलं?" मुनीमाला विचार, एखाद्या जुन्या ड्रायव्हरला विचार, नेहमीच्या एका पार्टीला विचार. तिघांतले दोघं एकच गोष्ट बोलले तर ती लिहून ठेव, ती कितीही साधी वाटली तरी. माझ्याजवळ आलेल्या एका मुलाला तिघांनी सांगितलं की तू सोडल्यावर आमच्या पार्टीच्या शिव्या ऐकून घेणारं कोणी उरलं नाही. त्याला ते ऐकून लाज वाटली होती, मी त्याला सांगितलं की कस्टमर सर्व्हिसच्या जागेला अर्ज कर.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती मला अजून टोचते. बुटीबोरीत स्टोअर असिस्टंटची जागा होती. एका मुलानं अनुभवाच्या जागी एवढंच लिहिलं होतं, 'किराणा दुकानात मदत'. मी तो कागद बाजूला ठेवला. दोन-अडीच वर्षांनी एका व्हेंडरच्या गोडाऊनला गेली तर तोच मुलगा पूर्ण स्टोअर सांभाळून राहिला होता, एक खिळा इकडचा तिकडे नाही. बोलताना समजलं की ते 'किराणा दुकान' म्हणजे इतवारीतलं होलसेल दुकान होतं, शेकडो आयटम, कॉम्प्युटर नाही, आणि कोणता माल कधी संपणार हे तो तोंडपाठ सांगायचा. मला विचारायला पाहिजे होतं, ती माझी चूक. पण ढीगभर कागदात एका कागदाला दोन मिनिटंही मिळत नाहीत हे पण खरं आहे, आणि त्यानं 'मदत' हा शब्द लिहून माझं काम अजून कठीण केलं. तुझ्या वहीत 'मदत', 'वगैरे', 'फक्त', 'किरकोळ' हे शब्द जिथं आले तिथं पेनानं गोल कर आणि त्याच्या आत काय दडलंय ते पाहा.

पगार न मिळालेलं काम पण चालतं, पण जपून. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तिथं चार-पाच वर्षं पाण्याचा स्टॉल लावणारा एक मुलगा माझ्याजवळ आला होता, टँकर कधी मागवायचा, किती ग्लास, रात्रीची पाळी कोण, हे सगळं तो ठरवायचा. ते आम्ही लिहिलं कारण त्यात ठरवणं होतं. नुसतं "सामाजिक कार्याची आवड" लिहिलं असतं तर काही कामाचं नव्हतं.

आता घरी राहिली त्या वर्षांबद्दल. लपवू नको आणि सजवूही नको. "जुलै २०२१ पासून: कुटुंबातील आजारपणामुळे पूर्णवेळ घरी", एक ओळ, बस. काही जण सल्ला देतात की त्याला 'होम मॅनेजमेंट' लिहा, मला ते पटत नाही, वाचणाऱ्यालाही पटत नाही. सासूबाईंच्या आजाराचं नाव पण टाकू नको, ती त्यांची गोष्ट आहे. पण वहीत मात्र लिही, की या काळात हॉस्पिटलच्या तारखा, औषधं, योजनेची कागदपत्रं, सगळ्यांशी बोलणं, हे कोण करत होतं. इंटरव्ह्यूत विचारलं तर शांतपणे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. आणि या काळात जे मागे पडलं तेही लिही: ई-वे बिलाचे नियम, टॅलीचं नवीन व्हर्जन, काय काय बदललं ते इंटरव्ह्यूच्या आधी पाहून घे. काय येत नाही हे माहीत असणं पण याच हिशेबातलं आहे.

एक्सेलबद्दल खास सांगते कारण इथं भले भले आपटतात. 'अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल' लिहितात आणि व्हीलूकअप (तक्त्यातून माहिती शोधून आणायचं सूत्र) विचारलं की गप्प. तू एक्सेलमध्ये जे करते तेच लिही, "रोजचा गाडी-भाडं रजिस्टर ठेवणं, फिल्टर लावून बाकी काढणं". प्रत्येक ओळीला एक परीक्षा घे: या ओळीवर मला सलग दोन प्रश्न विचारले तर उत्तर येईल का? बिल्टीवर तुला दहा विचारले तरी येईल. जिथं दुसऱ्याच प्रश्नाला थांबशील ती ओळ खाली आण नाहीतर काढ.

भाषेचं पण तू काही लिहिलं नाही, इंग्रजीची भीती असेल बहुतेक. नागपुरात आपण मराठी-हिंदी दोन्ही इतकं सहज बोलतो की ते बळ आहे हेच विसरतो. श्रीनगर-कन्याकुमारीचा ४४ नंबर आणि सुरतकडून ओडिशाकडे जाणारा ५३ नंबर हे दोन्ही हायवे आपल्या इथं एकमेकांना भेटतात, २०१७ ला जीएसटी आल्यावर राज्याराज्यात वेगळं गोडाऊन ठेवायची गरज कमी झाली आणि मधोमध मोठं गोडाऊन ठेवणं परवडायला लागलं, त्यात नागपूर बरोबर मधात. म्हणजे या कंपनीत ड्रायव्हर रायपूरचा, पार्टी जबलपूरची, फोन हैदराबादचा. रात्री अकराला हिंदीत ड्रायव्हरशी न चिडता बोलणारा माणूस त्यांना पाहिजेच आहे. लिही की तीन-चार राज्यांतल्या ड्रायव्हर आणि पार्ट्यांशी रोज बोलायची. इंग्रजी वाचता-लिहिता येतं एवढं खरं असेल तेवढंच लिही.

अजून एक गोष्ट आहे जी लोक सोडून देतात. जे जमतं आणि जे करावंसं वाटतं त्यात फरक असतो. एक ताई यायच्या माझ्याजवळ, उधारी वसुलीत पक्क्या, पण फोन ठेवला की त्यांचं डोकं दुखायचं, रात्री झोप नाही. त्यांनी वसुली सगळ्यात वर लिहिली, साहजिकच वसुलीचीच नोकरी मिळाली, सहा महिन्यांत सोडली. तुझ्या वहीत प्रत्येक कामासमोर एक खूण कर, हे पुन्हा रोज करायला आवडेल का. ज्याच्यासमोर फुली येईल ते खरं असलं तरी वर ठेवू नको, कारण वर जे लिहिशील त्याच कामाला बोलावतील.

एवढं झालं की मग त्या जागेची जाहिरात प्रिंट काढून समोर ठेव आणि त्यातल्या कामाच्या शब्दांखाली रेघ मार: डिस्पॅच, डॉक्युमेंटेशन, व्हेईकल ट्रॅकिंग, कोऑर्डिनेशन, जे असेल ते. वहीतली कोणती गोष्ट कोणत्या रेघेला लागते ते जोड, आणि त्यांचेच शब्द वापर, कारण मोठ्या कंपन्यांत बरेचदा आधी सॉफ्टवेअर चाळणी लावतं आणि त्याला तुझी 'बिल्टी' समजेलच असं नाही, म्हणून सोबत 'एलआर' (लॉरी रिसीट, बिल्टीचंच इंग्रजी नाव) पण लिही. बायोडाटासारखं वडिलांचं नाव, जात, आधार नंबर, उंची हे काही टाकायचं नाही. एक पान पुरे.

तुझ्या प्रश्नातून मला जेवढं समजलं त्यावरून कच्च्या ओळी अशा होतील. "दोन वर्षांत ८,००० च्या वर बिल्ट्या आणि त्यांची ई-वे बिलं तयार केली." "डिलिव्हरी झाल्याबरोबर पीओडीचा फोटो मागवण्याची पद्धत सुरू केली, त्यामुळे बिल अमुक दिवस आधी जाऊ लागलं." "रोज इतक्या ड्रायव्हरशी फोनवर संपर्क ठेवून गाडी कुठं आहे ते पार्टीला कळवलं." अमुक आणि इतक्याच्या जागी तुझे आकडे, आणि ई-वे बिल तू बनवत नसशील तर तो शब्द काढ. स्ट्रेंथ्स नावाचं वेगळं हेडिंग ठेवायची गरज मला तरी वाटत नाही.

सेठला फोन आजच कर, कारण कंपनी रेफरन्स विचारेल आणि त्यांना अचानक फोन गेलेला बरा नाही. आणि मुनीमाशी बोलशील तेव्हा एवढं नक्की काढून घे की फोटो मागवायला कोणत्या महिन्यापासून सुरुवात झाली होती, त्या ओळीवर पहिला प्रश्न तोच येईल.